वेळ : शाळा सुटल्यानंतर

भिगवण,
१४ डिसेंबर १९९६

प्रिय उत्कर्षा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील तर दचकली असशील, आणि नसशील ओळखलं तर शेवटी नाव बघून दचकशील. घाबरू नकोस. तुझ्या सासरच्या पत्त्यावर न टाकता तू शिकवतेस त्या बालवाडीच्या पत्त्यावर टाकतोय, तेवढी अक्कल सात वर्षांत आली मला. बाकी फारशी आलेली नाही. स्टेशनसमोरच्या खानावळीच्या बाकड्यावर बसून लिहितोय, मालक दोनदा विचारून गेला, "काय रं, अर्ज लिहितो का मृत्युपत्र?" मी म्हटलं दोन्ही नाही. पण खरं सांगायचं तर थोडा अर्जच आहे. आधी काय झालं ते सांगतो, मग कशाला लिहिलं ते. मधे भरकटलो तर सांभाळून घे. वर्गात मॅडम मला म्हणायच्या ना, ह्याला गाईवर निबंध दिला तर हा गोठ्यातून बाहेर पडून बाजाराला जातो.

माझी धाकटी बहीण दिपाली तुला आठवणार नाही. आपण नववीत होतो तेव्हा ती दुसरीत होती. आता ती नववीत आहे, आपल्याच शाळेत, तुझ्या माहेरच्या गावात. म्हणजे होती. आज सतरा दिवस झाले ती शाळेत गेलेली नाही. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरी बसवली. हेडसर म्हणतात महिना भरला की पटावरून नाव कमी करावं लागेल. म्हणजे उरले तेरा दिवस. हे एवढं आधी सांगून टाकतो, कारण पुढं मी हसतखेळत काही लिहिलं तर तुला वाटेल ह्याचं बरं चाललंय.

सप्टेंबरात मी घरी आलो होतो. त्याआधी ट्रकवर होतो, त्याआधी इथंच भिगवणला मासे भरायला, त्याआधी विचारू नकोस. आपल्या शाळेचे शिपाई गेणबा मामा, माझ्या आईचे लांबचे भाऊ, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बारामतीला ठरलं. दीड महिना बदली माणूस पाहिजे होता. आई म्हणाली, "सिद्धूला घ्या, तेवढाच पाय घरात ऱ्हाईल." अशा रीतीनं ज्या शाळेनं मला नववीत नापास केलं त्या शाळेत मी घंटा वाजवायला लागलो. तोच रुळाचा तुकडा, त्याच लिंबाला टांगलेला. फक्त लिंब मोठा झालाय.

तू शाळेत असताना तुला शाळा बाकावरून दिसायची. घंटेपाशी उभं राहिलं की ती वेगळीच दिसते. पावणेअकराला पहिली घंटा, मग रांगा, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या. दहा पंचावन्नला पहिला तास. चाळीस चाळीस मिनिटांचे आठ तास, मधे एक मोठी सुट्टी, एक लहान. पाच वाजून पाच मिनिटांनी लांब घंटा. सगळं हेडसरांच्या खोलीत तक्त्यावर लिहिलेलं. आणि त्याच्या शेजारी दुसरा तक्ता, चित्रकलेच्या सरांनी चार रंगांच्या शाईनं काढलेला, वर कमान, कमानीला झेंडूच्या माळा, मथळा 'सर्वांगीण विकास'. सोमवारी लेझीम. मंगळवारी चित्रकलेच्या परीक्षेचा वर्ग. गुरुवारी स्काऊट-गाईड. बुधवारी आणि शुक्रवारी खो-खो, आणि सामने जवळ आले की रोजच खो-खो. आणि सगळ्याच्या खाली, लाल शाईत, रेघ मारून : 'वेळ : शाळा सुटल्यानंतर'.

आता तुला कळायचं नाही, तुमचं घर शाळेच्या फाटकासमोर. शाळा सुटल्यानंतर तू दप्तर ओसरीवर टाकून परत मैदानावर यायचीस. आमची कळस गावापुढच्या वस्तीवरची एसटी पाच वीसला. ती गेली की मुक्कामी गाडी, ती साडेआठला. म्हणजे लांब घंटा झाली की आम्ही वस्तीवरची पोरं दप्तर छातीशी धरून स्टँडवर पळायचो, आणि तुम्ही गावातली विकास करून घ्यायला मैदानावर जायचा. तू एकदा मला म्हणाली होतीस, "तुम्ही वस्तीवरचे कशालाच थांबत नाही, नुसते पळपुटे." तेव्हा मी हसलो होतो. लेझमीच्या ताफ्यातनं माझं नाव का गेलं, आणि स्नेहसंमेलनातल्या नाटकात तू राणी असताना तुझा शिपाई तालमीला का येत नव्हता, ते तू मला विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. जाऊ दे.

दिपाली पळते. म्हणजे सगळीच पोरं पळतात, पण ही पळते तेव्हा बघणारा थांबतो. आमच्या घरात कुणीच असं नाही. तात्या मेंढरांमागं चालायचे, मी आपला रस्ता दिसेल तिकडं चालतो, पण पळणारी ही एकटीच. खांबाला वळसा घालताना ती एक हात खांबाला लावते आणि अशी गर्रकन फिरते की मागची पोरगी सरळ पुढं निघून जाते. इंद्रजित सर म्हणून नवे खेळाचे शिक्षक आलेत, तरुण आहेत, लुनावरून येतात. त्यांनी तिला मधल्या सुट्टीत शिवाशिवी खेळताना पाहिलं आणि म्हणाले, "ए कळस, तू संघात." पण सराव सव्वापाचला आणि गाडी पाच वीसला. सर म्हणाले, सरावाला नसेल तिला मी घेणार कसा? त्यांचंही बरोबर. तात्या म्हणाले, गाडीनं आली तर शाळा, न्हायतर न्हाय. त्यांचंही बरोबर धर. दोघांच्या मधे अर्ध्या तासाची गोष्ट, आणि घंटेचा टोल माझ्या हातात.

तर मी काय केलं, दर तास तीन मिनिटं लवकर संपवला. एवढंच. आठ त्रिक चोवीस, आणि मोठ्या सुट्टीतली पाच. चार वाजून छत्तीस मिनिटांनी शाळा सुटायला लागली. गाडीआधी चांगला अर्धा तास सराव व्हायचा, आणि दिपालीच नव्हे, वस्त्यांवरच्या आणखी चार पोरी मैदानावर दिसायला लागल्या. मला वाटलं दुसऱ्याच दिवशी पकडणार. कशाचं काय! इंग्रजीच्या मॅडमनी तर पहिल्याच दिवशी पर्स आवरून ठेवली. प्रत्येकाला वाटलं हेडसरांनीच सामन्यांसाठी सूट दिलीय, आणि मिळालेली सूट विचारून घालवायची कुणाला असते? हेडसर स्वतः त्या महिन्यात इमारतीच्या कामासाठी रोज दुपारनंतर इंदापूरला. फक्त गणिताचे सर बिचारे बेचैन. त्यांनी हातातलं घड्याळ दोनदा झटकलं, कानाला लावलं, आणि शेवटी शनिवारी इंदापुरात दुरुस्तीला टाकून आले. मला म्हणाले, "सिद्ध्या, पुढं पळतंय का मागं ऱ्हातंय तेच कळंना." मी म्हटलं, सर, घड्याळाचं असंच असतं. आज त्याचं वाईट वाटतं. तेव्हा पोट धरून हसलो होतो.

इथं भिगवणला बघ, माशांचा बाजार रेल्वेवर चालतो. गाडी उशिरा आली तर लिलाव उशिरा, बर्फवाला उशिरा, चहासुद्धा उशिरा. कुणी तक्रार करत नाही. सोमेश्वरनगरला कारखान्याचा भोंगा वाजला की सगळं गाव कूस बदलतं, पण ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोपीवर त्या भोंग्याला कुणी विचारत नाही, तिथं ट्रॉली येईल तेव्हा दिवस. मी इतकं फिरलो, सगळीकडं माणसं येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीशी जमवून घेताना बघितली. एक शाळाच अशी बघितली जी कुणाच्याच गाडीकडं बघत नाही. हे मी आता लिहितोय शहाण्यासारखं. तेव्हा एवढा विचार केला नव्हता. पोरगी पळतेय, पळू दे, इतकंच.

तालुक्याचे सामने आपण जिंकलो. आपल्या शाळेच्या मुली पहिल्यांदा जिल्ह्याला गेल्या. दिपाली घरी आली ती तात्यांच्या भोवती गोल फिरून त्यांना खांब करून दाखवत होती, आणि तात्या हसत होते. मी त्यांना असं हसताना मेंढरं विकल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग गेणबा मामा काळा चष्मा लावून परत आले. पहिल्याच दिवशी चार छत्तीसला पोरं दप्तर आवरायला लागली तसे म्हणाले, "आरं कुठं निघाला? अजून आख्खा अर्धा तास हाय!" दुसऱ्या दिवशी सकाळीच प्रकरण हेडसरांकडं. त्यांनी मला उभं केलं आणि कागदावर गुणाकार करून दाखवला. तेवीस दिवस, रोज एकोणतीस मिनिटं, अकरा तासांच्या वर. म्हणाले, "सिद्धू, तू चारशे पोरांचे अकरा तास चोरलेस. मला विचारायचं होतंस." मी विचारलं, विचारलं असतं तर दिलं असतं का? त्यांनी कागदाची घडी घातली. म्हणाले, "नसतं दिलं. वरून आलेल्या तासांना मला हात लावता येत नाही." खोटं बोलले नाहीत, म्हणून मला त्यांचा रागही धड करता येत नाही. मी म्हटलं, मग सरावच मधल्या तासाला घ्या. तक्त्याकडं बोट करून म्हणाले, "तिथं लिहिलंय बघ." जसं काही तो तक्ता दुसऱ्याच कुणीतरी टांगला होता.

दिवाळीनंतर पुन्हा घंटा जागच्या जागी. दिपाली पुन्हा गाडीनं. जिल्ह्याचे सामने तुझ्या सासरी, बारामतीला होते, तू त्या मैदानावरून जात-येत असशील. सत्तावीस नोव्हेंबरला, बुधवारी, शेवटचा सराव, आणि त्याच दिवशी बारा जणींची यादी पक्की होणार. सर म्हणाले, आज जी नसेल तिचं नाव मला घालता येणार नाही. दिपाली त्या दिवशी थांबली. गाडी गेली. सहा वाजता पोरी पांगल्या. पावणेसातला कारखान्यावरून रिकामा ट्रॅक्टर परत येत होता, आमच्याच वस्तीवरचा झुंबर चालवत होता, तिच्या जन्माआधीपासून घरोबा असलेला माणूस. त्यानं तिला ओळखलं आणि ट्रॉलीत बसवून आणलं. इकडं गाडी आली, पोरगी उतरली नाही, तेव्हापासून तात्या फाट्यावर उभे. अंधार पडलेला, रस्त्याला येणारा-जाणारा प्रत्येक माणूस विचारतोय, "काय तात्या, कुणाची वाट बघताय?" ट्रॉलीतून दिपाली उतरली. तात्यांनी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. तिच्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं आणि पुढं चालायला लागले. दुसऱ्या दिवशी आईनं सवयीनं डबा भरला तर म्हणाले, "कुणाचा डबा? ऱ्हाऊ दे." झालं. शाळा संपली.

इंद्रजित सर स्वतः लुना घेऊन वस्तीवर आले. तात्यांनी बाज टाकली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुर्जी, तुमचा खेळ चांगला हाय. पोरगी बी चांगली पळती म्हणता, असंल. पर आमची मेंढरं दिस बुडायच्या आत वाड्यावर येत व्हती, आन तुमची शाळा दिस बुडतो तवा सुरू व्हती. त्याला मी काय करू?" सर उठले, लुना हातानं ढकलत निघाले. जाताना तात्या त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेले आणि तिथं एक वाक्य बोलले, ते मला सरांनी नंतर सांगितलं : "तुमच्या गावात कुणा बाईमाणसाच्या घरी तिची सोय असती तर मी न्हाय म्हणलो नसतो. पर आपलं तितं हाय कोण?"

बारामतीला संघ अकरा जणींनी गेला आणि पहिल्याच फेरीत हरून आला.

आता जे राहिलंय ते लिहितो. हे पत्र मी तीन दिवस मनात लिहितोय ते ह्याच ठिकाणी येऊन अडतंय. दिपाली त्या बुधवारी आपल्या मनानं थांबली नव्हती. मी तिला सांगितलं होतं, "थांब तू, मी सायकल घेऊन सहाला फाटकाशी येतो, तात्यांना मी समजावतो." ती म्हणाली, "दादा, नक्की ना? न्हायतर मी गाडीनं जाते, नाव गेलं तर गेलं." मी तिच्या डोक्यावर टपली मारली. त्या सकाळी मी सायकलवरनं भिगवणला आलो, एकाकडं राहिलेलं माझं जाकीट घ्यायचं होतं. चारला निघायचं ठरवलं होतं, शपथेवर सांगतो. धरणाच्या फुगवट्यात ते लांब पायांचे पांढरे-गुलाबी पक्षी उतरले होते, ह्या वर्षीचे पहिले. जुन्या ओळखीच्या एकानं होडीतनं हाक मारली, "सिद्ध्या, चल, जाळं ओढू लाग, मग जवळनं दाखवतो." गेलो. पाण्यात पक्षी बघत बसलो. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा मला आठवलं. होडीतून काठ दिसत होता आणि काठावर माझी सायकल दिसत होती, आणि मी काही करू शकत नव्हतो. घरी पोचलो तेव्हा सगळे जेवून बसले होते.

ती पाऊण तास फाटकाशी उभी होती, उत्कर्षा. आणि तात्यांनी विचारलं, का थांबलीस, तर म्हणाली, "खेळायचं व्हतं." माझं नावसुद्धा घेतलं नाही. आजही घेत नाही. मला भाकरी वाढते, "अजून घे" म्हणते. ओरडली असती तर बरं झालं असतं. शेवटी मीच तात्यांना सांगितलं, की चूक माझी आहे, तिला शाळेत पाठवा. तात्या म्हणाले, "म्हंजी तुझ्या भरवशावर सोडली व्हती व्हय? मग तर बासच." खरं बोललो तर वाईटच झालं. रोज सायकलनं आणतो-नेतो म्हटलं, तर आईच हसली. हसली म्हणजे तोंडाला पदर लावला.

आणि आता अर्ज. फाटकासमोर बाईमाणसाचं एकच घर आहे, तुझ्या आईचं. लीलाबाई एकट्याच असतात आता, तू बारामतीला नांदायला आल्यापासून. दीड महिना मी घंटा वाजवत होतो तेव्हा त्या ओसरीवर धान्य निवडत बसायच्या, आणि मी दिसलो की दार निम्मं लोटून घ्यायच्या. त्यांची चूक नाही. नववीत मी तुझ्या कंपासपेटीत जी चिठ्ठी ठेवली ती तुझ्याआधी त्यांच्या हाती पडली. दुसऱ्या दिवशी त्या फाटकाशी आल्या आणि मला हळू आवाजात म्हणाल्या, "परत ह्या दारासमोर दिसू नकोस." मोठ्यानं म्हणाल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच. मी गणितामुळं शाळा सोडली असं सगळ्यांना सांगतो. तर मी कोणत्या तोंडानं त्यांच्याकडं जाऊ? तात्या जाणार नाहीत, आईची हिंमत नाही, सर परके. तूच राहतेस. तू त्यांना लिही की ह्या पोरीला दहावी होईपर्यंत सोमवार ते शुक्रवार रात्री राहू दे, शनिवारी सकाळच्या शाळेनंतर दुपारच्या गाडीनं ती घरी जाईल. कामाला चलाख आहे, निजायला कोपरा पुरेल. लीलाबाईंनी एक निरोप पाठवला तर तात्या पोरीला आणून सोडतील, त्यांचा शब्द मागं जात नाही. लीलाबाईंना भीती असेल की बहिणीच्या निमित्तानं मी दारात येत राहीन. म्हणून लिही, की तो गेला. उद्या सकाळी इथून मी एका मालट्रकवर निघतोय, हैदराबादकडं. दिपालीची दहावी होईपर्यंत मी त्या रस्त्याला फिरकणार नाही, घरीसुद्धा नाही. माझ्याकडं दुसरं देण्यासारखं काही नाही. आणि एक कर. दिपाली भेटली तर तिला ह्यातलं काही सांगू नकोस. तिला वाटू दे, दादा नेहमीसारखाच कुठंतरी काहीतरी बघत थांबला.

तुझाच म्हणायचा हक्क नाही, एका वर्गात होतो तेवढ्यापुरता तुझाच,
सिद्धू